आतल्या बाजूच्या गाठी

मित्रांनो, नवा माणूस माझ्यावर बसण्याआधी मला एकदा हाताने दाबून बघतो. हे मऊ आहे, खाली दबेल आणि आपण पडू, अशी त्याला भीती वाटते. मग तो जपून टेकतो आणि चकित होतो, कारण माझं अंग मऊ असलं तरी हाडं पत्र्याची आहेत. मी एक जुना मोढा आहे. मला पाठ नाही, हात नाहीत, उंची गुडघ्याएवढी. मी कुठल्या दुकानात कधी नव्हतो. माझ्या अंगातली एकही वस्तू माझ्यासाठी म्हणून विकत आणलेली नाही.

माझी हाडं म्हणजे दुधाच्या पावडरीचे सात रिकामे डबे. एक मधे, सहा त्याच्या भोवती. ते सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधले आहेत. डबे वाजू नयेत म्हणून त्यांच्यात चिंध्या ठासल्या आहेत. वर आणि खाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापून बसवला आहे, त्यावर जुन्या टॉवेलांची गादी. आणि या सगळ्यावर विणलेल्या लोकरीचा अभ्रा, शेवाळी रंगाचा. डबे बदलले, गादी बदलली तरी माझं काही बिघडणार नाही. अभ्रा गेला तर मात्र मी उरणार नाही. म्हणून मी जे सांगतो आहे ते खरं तर त्या लोकरीचं आयुष्य आहे.

मला घडवणाऱ्या बाईला सगळी इमारत गुंडाकाकू म्हणत असे. इमारतीत नवा भाडेकरू आला की हे नाव ऐकून जरा बिचकायचा. मग जिन्यात त्याला एक किरकोळ, चष्मा लावलेली बाई दिसायची. तिच्या काखेत लोकरीचा गुंडा आणि बोटांत दोरा असायचा, आणि त्या माणसाचा जीव भांड्यात पडायचा. काकूच्या घरात केराची टोपली होती, पण तिला फारसं काम नसे. दुधाच्या पिशव्या धुऊन, पट्ट्या कापून काकू पायपुसणी विणायची. फाटक्या चादरींच्या दोऱ्या वळायची. ढिले झालेले स्वेटर लोक तिच्याकडे आणून टाकत. ती ते उसवायची, लोकरीच्या लडी करायची, कोमट पाण्यात धुवायची आणि वाकडेपणा जावा म्हणून खाली वजन लावून दोरीवर टांगायची. दुपारी इमारतीतल्या बायका तिच्याकडे शिकायला येत. काटकसर तिच्या अंगातच होती, पण ती काटकसर काकू मजेत करायची. "अगं, टाकायला काय, कधीही टाकता येतं," असं ती म्हणे. "आधी त्या वस्तूला विचार तर, अजून काय करशील म्हणून."

तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा आणि किल्ल्या बनवायचा. बस थांब्याजवळ त्याची लाकडी टपरी होती. त्याला लोक किल्लीवाले म्हणत. माणूस अबोल, पण हात अतिशय बारीक कामाचा. घड्याळजी लावतात तसं भिंग डोळ्याला लावून तो कुलपाच्या पोटात बघत बसायचा. बंद केलेली वस्तू सुरक्षित असते, यावर त्याचा पक्का विश्वास होता. त्याच विश्वासावर त्याचं पोट चाललं होतं.

त्यांना दोन मुलं. धाकटी मुलगी दुसऱ्या गावात शाळेत शिकवायची. थोरला मुलगा छापखान्यात कामाला होता. माझी लोकर तेव्हा त्याचा स्वेटर होती. काकूने तो त्याच्यासाठी विणला होता, उंच गळ्याचा, कोपरांवर दुहेरी वीण घातलेला, कारण छापखान्याच्या टेबलावर कोपरं टेकून टेकून त्याचे सगळे कपडे तिथेच झिजायचे. तो हसरा मुलगा होता. कामावरून आला की स्वेटर न काढताच जेवायला बसायचा, आणि बाह्यांना शाई लागली म्हणून आईची बोलणी खायचा.

एका हिवाळ्यात तो तापाने आजारी पडला. आधी साधा ताप वाटला. मग दवाखाना झाला, मग मोठं रुग्णालय. तिथून तो परत आला नाही. परत आली ती त्याच्या कपड्यांची पिशवी, आणि तिच्यात मी होतो.

किल्लीवाल्यांनी ती पिशवी कुणाला उघडू दिली नाही. काकूने एकदा स्वेटर धुवायला काढला, तर त्यांनी तो तिच्या हातातून घेतला. "धुवू नकोस," ते म्हणाले. "त्याचा वास जाईल." मग त्यांनी मुलाचे सगळे कपडे एका पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि त्या पेटीला स्वतःच्या हातचं कुलूप लावलं. ती पेटी पलंगाखाली गेली. रोज सकाळी टपरीवर निघताना ते वाकून त्या कुलपाला हात लावायचे आणि मग चपला घालायचे. पेटी मात्र ते उघडत नसत.

आत काय झालं ते मला ठाऊक आहे. काकूच्या अंगात काटकसर होती, पण पेटीत शिरली ती दुसरीच कसर. न धुतलेली, घामाची लोकर तिला फार आवडते. बिजागरीजवळच्या फटीतून पाखरू आत आलं, अंडी घातली, आणि मग त्या अंधारात अळ्या मला खात राहिल्या. मित्रांनो, ते दुखत नाही. आपण फक्त थोडे थोडे कमी होत जातो. वर घडी तशीच असते. बाहेरून कुलूपही तसंच असतं.

दोन वर्षं अशी गेली. एकदा काकू पलंगाखाली झाडत असताना पेटीच्या फटीतून एक पिवळसर पाखरू उडालं. ते कशाचं, हे आयुष्य लोकरीत घालवलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ती केरसुणी टाकून तिथेच फरशीवर बसली. किल्लीवाले टपरीवर होते. मुलगी सुट्टीत घरी आलेली होती. काकूने विणायची एक बारीक सुई घेतली, कुलपात घातली आणि थोडी खटपट करून ते उघडलं. इतकी वर्षं कुलपवाल्याशी संसार केल्यावर एवढं तिला येत होतं.

मला उचललं तेव्हा माझी पाठ तिच्या बोटांतून गळून पडली. मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. मुलाचे सुती शर्ट ठीक होते, कसर त्यांच्या वाटेला गेली नव्हती. स्वेटर मात्र चाळणी झाला होता.

"बाबांना बोलावते," मुलगी म्हणाली.

"थांब," काकू म्हणाली. "आधी बघू दे, किती उरलंय."

ती रडली नाही. तिने मला उन्हात झटकलं, उकळत्या पाण्याची वाफ दिली, धुतलं, आणि मग उसवायला बसली. चांगला स्वेटर उसवला की लोकर सरसर निघते, एकच लांब धागा. माझा धागा दर बोटाला तुटत होता. कुठे बोटभर, कुठे वीतभर. ती प्रत्येक तुकडा उचलून पुढच्याला गाठ मारायची. शर्ट तिने पुन्हा पेटीत ठेवून कुलूप होतं तसं लावलं. लोकरीचा जो नुसता भुगा झाला होता, तो खिडकीतल्या कुंडीच्या मातीत कालवला. मुलगी शेजारी बसून गुंडा धरत होती.

"याचा पुन्हा स्वेटर होईल?" तिने विचारलं.

"निम्मीसुद्धा लोकर नाही उरली."

"मग?"

काकू बराच वेळ बोटांत धागा फिरवत राहिली. "बाबा तिकडे टपरीत लोखंडी खोक्यावर बसतात," ती म्हणाली. "पाठ धरलीय त्यांची. त्यांच्यासाठी काहीतरी करते. रोज त्यांच्याजवळ राहील असं. पेटीत राहण्यापेक्षा बरं."

अशा रीतीने मी जन्मलो. सुट्टीचे दिवस संपत आले तेव्हा मी तयार झालो. सगळ्या गाठी तिने आतल्या बाजूला घेतल्या होत्या. बाहेरून माझी वीण इतकी सारखी दिसत होती, की ती तुकड्यांची आहे हे कुणाला खरं वाटलं नसतं. तिच्या हातून झालेल्या सगळ्या कामांत मी उजवा होतो, असं मला वाटतं. संध्याकाळी किल्लीवाले आले तेव्हा तिने मला खोलीच्या मधोमध ठेवलं आणि ती बाजूला उभी राहिली.

त्यांनी मला पाहिलं. आधी ते हसले. मग त्यांची नजर रंगावर थांबली. ते वाकले, माझ्यावर हात फिरवला आणि हात एकदम मागे घेतला.

"हा त्याचा स्वेटर आहे."

"हो."

"पेटी उघडलीस?"

"हो."

"माझं कुलूप उघडलंस, आणि त्याचा स्वेटर उसवलास. कुणाला विचारून?"

"उसवावा लागला," काकू हळू म्हणाली.

"लागला म्हणजे?" त्यांचा आवाज चढला. तो आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. "तुला जगातली प्रत्येक वस्तू उसवायचीच असते का? तेवढी एक सोडायची होती. माझ्या पोराच्या अंगावरचं, आणि मी त्याच्यावर बसू?"

त्यांनी पलंगाखालची पेटी ओढून कुलूप पाहिलं, पेटी तशीच सोडली आणि ते बाहेर निघून गेले. मुलगी त्यांच्या मागे धावणार होती. काकूने तिचा दंड धरला.

"आई, सांग ना त्यांना. कसर लागली होती म्हणून सांग."

"काय सांगू? त्यांनी धुवू दिला नाही आणि कुलूप लावून ठेवलं, म्हणून कसरीने खाल्ला, असं सांगू?"

"पण खरं तेच आहे."

"मुलगा गेला, त्यातून ते अजून सावरले नाहीत," काकू म्हणाली. "त्याचा स्वेटरही त्यांच्याच हातून गेला, हे त्यांना कशाला कळायला हवं? माझ्यावर चिडलेत ना, चिडू देत. माझ्यावर चिडून माणूस जगू शकतो."

तिने मुलीकडून तसा शब्द घेतला. चार दिवसांनी राग निवेल असं तिला वाटलं होतं. तो निवला नाही. किल्लीवाले फारसं ओरडले नाहीत, त्यांनी फक्त बोलणं बंद केलं. "दूध संपलंय." "छत्री कुठाय." "बिल भरलं." त्या घरात एवढंच बोललं जाऊ लागलं. जेवताना ते माझ्याकडे पाठ करून बसत. काकू बोलायला तोंड उघडायची आणि ताट उचलून आत जायची.

माझं कौतुकही झालं, ते सांगितलं पाहिजे. काकूकडे शिकणाऱ्या बायकांनी वाचनालयाच्या हॉलमध्ये टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या कामांचं प्रदर्शन भरवलं. पिशव्यांची पायपुसणी होती, बाटल्यांची टोपणं लोकरीत गुंफून केलेल्या चटया होत्या, मोज्यांच्या बाहुल्या होत्या. मला मधल्या टेबलावर ठेवलं. लोक माझ्याभोवती गर्दी करत. एका बाईने काकूला विचारलं, "अहो, इतकी सुंदर लोकर कुठे मिळाली?" काकू म्हणाली, "घरातलीच आहे." ती बाई मला विकत मागू लागली, तेव्हा काकूने नुसती मान हलवली.

त्याच दुपारी हॉलच्या कपाटाचं कुलूप अडकलं आणि कुणीतरी किल्लीवाल्यांना बोलावून आणलं. काम करून ते हत्यारं आवरत होते. हे काकूचे यजमान, हे ठाऊक नसलेली एक पोरगी त्यांना म्हणाली, "काका, दमलात ना, या मोढ्यावर बसून तरी बघा. काय उबदार आहे." बायका हसल्या. काकू टेबलामागे उभी होती, तिचा चेहरा उतरला. किल्लीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्याभोवतीच्या माणसांकडे पाहिलं, पिशवी खांद्याला लावली आणि कामाचे पैसेही न घेता ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काकूने मला स्वतःच्या हाताने उचललं आणि तळमजल्यावर जिन्याखाली नेऊन ठेवलं. "त्यांच्या डोळ्यांसमोर नको," ती जणू मलाच म्हणाली. जाताना तिने माझ्यावर एक जुनी चादर घातली.

जिन्याखाली मी पाच हिवाळे काढले. तिथे मोडकी सायकल होती, रंगाचे वाळलेले डबे होते, एक मांजर यायचं. वरून पाण्याचा नळ गेला होता, तो झिरपायचा. माझ्या खालच्या पुठ्ठ्याचा लगदा झाला, डब्यांना गंज चढला, अभ्र्याची खालची कड कुजली. सुरुवातीला काकू अधूनमधून येऊन चादर बदलायची. मग तिचे गुडघे दुखू लागले, आणि तिचं येणं कमी झालं. मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. पण वर दोन माणसं एकमेकांसमोर जेवत होती आणि त्यांच्यातली खरी गोष्ट खाली माझ्या पोटात, गाठींत पडून होती. तिचं ओझं मला माणसांच्या वजनापेक्षा जास्त वाटायचं.

एका सकाळी जिन्यातून माणसं घाईने उतरली. काकूला खुर्चीत बसवून खाली आणत होते. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात मांडीवर नुसता पडला होता, ज्या हाताने तिने मला विणलं तो. मागून किल्लीवाले येत होते. त्यांच्या शर्टाची बटणं वर-खाली लागली होती.

काकू रुग्णालयात असतानाच इमारतीचा नळ दुरुस्त करायला माणूस आला. त्याने जिन्याखालचं सगळं भंगार बाहेर काढलं आणि कचऱ्याच्या गाडीजवळ रचलं. सायकलीवर मी, माझ्यावर रंगाचे डबे. त्या वेळी किल्लीवाले काकूचे कपडे न्यायला घरी आले होते. ते माझ्यापुढून गेले. जिन्याच्या चार पायऱ्या चढले. मग खाली आले.

"हे माझ्या घरातलं आहे," ते गाडीवाल्याला म्हणाले.

"अहो, सडलंय ते."

"असू दे."

त्यांनी मला छातीशी धरून वर नेलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा उचललं. मला वाटतं, तेव्हा त्यांना मी नको होतो. काकूच्या हातची वस्तू कचऱ्यात जाते आहे, एवढंच त्यांना सहन झालं नाही.

खिडकीशी दुपारचा स्वच्छ उजेड होता. त्यांनी मला उलटं केलं, कुजलेली कड बारीक पात्याने सोडवली आणि अभ्रा वाळवायला म्हणून काढून आतली बाजू बाहेर केली. आणि त्यांचे हात थांबले.

आतली बाजू म्हणजे नुसत्या गाठी होत्या. त्यांनी बोट फिरवलं. मग पिशवीतून भिंग काढून डोळ्याला लावलं. कापलेला धागा कसा दिसतो, झिजलेला कसा आणि कुरतडलेला कसा, हे त्या डोळ्याला कळत होतं. चांगला स्वेटर उसवताना कुणी बोटाबोटाचे तुकडे करत नाही. त्यांनी एक गाठ पाहिली, दुसरी पाहिली, आणि मग ते बघतच राहिले.

आईसाठी गावाहून आलेली मुलगी रुग्णालयातून घरी आली तेव्हा ते फरशीवर बसले होते आणि मी त्यांच्या मांडीवर होतो.

"कसर लागली होती?" त्यांनी विचारलं.

मुलगी दारातच थबकली. "आईने सांगू नको म्हटलं होतं."

"किती खाल्लं होतं?"

"पाठ सगळी गेली होती, बाबा. हातात धरवत नव्हता."

"मीच धुवू दिला नव्हता," ते म्हणाले. "आणि इतकी वर्षं तिला..." मुलगी त्यांच्याशेजारी बसली.

काकू घरी आली तेव्हा मी तिच्या पलंगाशेजारी होतो. डबे खरवडून पुसलेले, खाली नवा पुठ्ठा, अभ्रा धुतलेला. खालची कड मात्र उघडीच होती, ते काम त्यांना येत नव्हतं. काकूची नजर माझ्यावर पडली. किल्लीवाले आले, क्षणभर उभे राहिले आणि माझ्यावर बसले. अगदी जपून, जणू कुणाला लागेल.

"मला कळलं," ते म्हणाले.

काकूचं बोलणं आता अडखळत यायचं. तिने छताकडे बघितलं. "एकदा... नीट विचारलं असतंत."

"विचारलं होतं मी. उसवला कशाला म्हणून."

"ओरडला होतात. ते विचारणं नव्हे."

"नव्हतं," ते म्हणाले. "तू तरी सांगायचंस."

काकूने डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. मित्रांनो, इथे सगळं गोड झालं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. इतकी वर्षं तिने त्यांचा राग सांभाळला होता. आता तिचा स्वतःचा राग वर आला, आणि तो बरेच दिवस टिकला. ते तिला भरवत, ती खाई, पण त्यांच्याकडे बघत नसे. ते माझ्यावर बसून राहत. एकदा ते अभ्र्याची उघडी कड सुईने शिवायचा प्रयत्न करत होते, सुई पुन्हा पुन्हा बोटात जात होती. काकू कितीतरी वेळ बघत होती. शेवटी तिला राहवेना. "धागा दुहेरी घ्या," ती म्हणाली. "आणि ओढू नका एवढा." ते पहिलं साधं वाक्य होतं. त्यांनी धागा दुहेरी घेतला. ती शिवण वेडीवाकडी आहे, तुम्ही मला उलटं केलंत तर दिसेल.

काकूचा उजवा हात परत आला नाही. तिच्या सुया बरणीत उभ्या आहेत. बायका अजून दुपारी येतात, ती तोंडाने सांगते, त्यांचं चुकलं की डाव्या हाताने पलंगावर टकटक करते. जे पाच हिवाळे गेले ते मात्र गेले. त्यांचं काही करता येत नाही, त्यांना गाठ मारता येत नाही.

मित्रांनो, मी साधा मोढा आहे, मला मोठा उपदेश जमत नाही. एवढंच मागतो. ज्यांच्यावर तुमचा जीव आहे त्या वस्तू धुवा, उन्हात घाला, वापरा. फाटल्या तर त्यांचं दुसरं काही करा. आणि घरातलं माणूस गप्प झालं, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि हळू आवाजात विचारा. उत्तर येईपर्यंत उठू नका.

परवा सकाळी किल्लीवाल्यांनी पलंगाखालची पेटी बाहेर ओढली. आतले मुलाचे सुती शर्ट काढले, झटकले आणि एकेक करून काकूच्या पांघरुणावर मांडले. बाह्यांवर शाईचे डाग अजून होते. मग ते माझ्यावर बसले आणि तिला म्हणाले, "सांग, यांचं काय करता येईल?"

काकूने डाव्या हाताने एका बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं, किती टिकाऊ आहे ते. "उजेडात आणा," ती म्हणाली. "बघू."